दारातला खोकला

तुमच्या घरी बेल असन, आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी खोकला हाय. माहे सासरे, आमी त्यायले मामाजी म्हणतो, बाहेरून आले की दारात दोनदा खोकतात. मंग आमी सुना पदर सावरतो अन् गॅसवर चहा चढतो.

गेल्या हिवाळ्यात मामाजी सारखे खोकून राहिले. आमीबी चहावर चहा देऊन राहिलो. तीन आठवड्यानं ते वैतागले. "अवं पोरी, चहा नाई मांगून राहिलो, मले खरंच खोकला झाला!"

मंग नेलं त्यायले अकोल्याले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "किती दिवसांपासून आहे खोकला?"

सासूबाई म्हणाल्या, "माह्या लग्नापासून."

बाईचा पेनच थांबला. म्या सारी गोष्ट सांगितली तशा त्या पोट धरून हासल्या, पण मंग दटावलंबी. "दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, तर चहा नाही, थुंकीची तपासणी करायची!"

तपासणी झाली, छातीचा फोटोबी काढला. वाईट काही निघालं नाई. घरात भरलेल्या कापसाच्या धुळीचा त्रास होता. औषधानं आठ दिवसांत खोकला गेला.

एका दुपारी सासूबाईनं दार उघडलं, त मामाजी बाहेर उन्हात गुपचूप उभे.

"अवो, उभे काहून? खोकायचं ना!"

"खोकलो असतो," मामाजी हळूच म्हणाले, "त तुमी चहा ठेवला असता, का अकोल्याची गाडी बोलावली असती?"