ट्रॅक्टरच्या उजेडातला राजा

नाटकाचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. ढोकी गावात आमच्या फिरत्या नाटक मंडळीचा प्रयोग होता. तिसऱ्या घंटेनंतर या मंडळीचा पडदा तीन पिढ्यांत कधीही अडला नाही, असे मी, मंडळीचा जुना निवेदक, प्रास्ताविकात अभिमानाने सांगितले. तिसरी घंटा वाजली, वीज गेली आणि जनित्रही रुसले.

मंडळीच्या मालकीणबाई मला म्हणाल्या, “काका, आजोबांचा नेम माझ्याच हातून मोडणार.”

तेवढ्यात प्रयोगाला आलेल्या ऊस वाहणाऱ्या चालकांनी ट्रॅक्टरचे दिवे रंगमंचाकडे वळवले. एकजण म्हणाला, “पडदा उघडा, ताई. तेवढं राजाला सांगा, दरवर्षी लई वेळ लावतो मरायला. डिझेल संपायच्या आत उरक म्हणावं.”

पडदा उघडला. राजा नेहमीप्रमाणे निवांत मेला.

टाळ्या थांबल्यावर तोच चालक म्हणाला, “पुढल्या वर्षी टाकी भरून येतो. सावकाश मरा.”