एका हातचे सदतीस अर्ज

कारकूनबाई : अहो आजोबा, एकदोन असते तर डोळेझाक केली असती. हे सदतीस अर्ज आहेत, आणि सगळे एकाच हातचे.

आजोबा : अक्षर चांगलं आहे ना पण?

सून : बाबा, त्या नगरपालिकेतून आल्यात. अक्षराचं कौतुक करायला नाही.

कारकूनबाई : अक्षर मोत्यासारखं आहे, म्हणूनच सापडलात. बंद काच कारखान्याच्या जागी बाग करायची, तर लोकांना तिथं काय हवं, एवढंच विचारलं होतं आम्ही. माणशी एक अर्ज. आणि यातली बरीचशी माणसं तर...

आजोबा : बरीचशी कशाला, सगळीच गेली. जे आहेत त्यांनी आपापले भरले असतील की.

सून : आठ दिवस विचारतेय, दार लावून काय लिहिताय? तर म्हणे, हजेरी घेतोय.

आजोबा : मग खोटं काय बोललो? एकतीस वर्षं हजेरी कारकून होतो मी तिथं. रोज सकाळी यांची नावं मीच लिहायचो. आता यांच्या वतीनं लिहायला माझ्याशिवाय आहे कोण?

कारकूनबाई : पण मागण्या तुमच्याच ना?

आजोबा : छे. नीट वाचा तरी.

कारकूनबाई : वाचल्यात. हे फिटर म्हणतात तळं पाहिजे. हे वेल्डर म्हणतात तळं अजिबात नको, डास होतील.

आजोबा : त्या दोघांचं उभ्या जन्मात पटलं नाही. मी कोण त्यांचं एकमत करणारा?

कारकूनबाई : आणि हे, ‘उद्घाटनाला भाषण नको’?

आजोबा : तो मुकादम. त्याच्या निरोपाला साहेब दीड तास बोलले आणि याची शेवटची बस चुकली. मरेपर्यंत सांगायचा.

सून : भट्टीवाल्या पैलवानांना काय हवंय?

आजोबा : गार पाण्याचे नळ. एक नाही, तीन. जन्म भट्टीसमोर गेला बिचाऱ्याचा.

कारकूनबाई : आजोबा, आमचे साहेब म्हणतात, हे सगळे बाद करा. मेलेली माणसं काही बागेत फिरायला येणार नाहीत.

आजोबा : बाद? वाईट वाटलं बाई ऐकून. मला कुणाला फसवायचं नव्हतं. ज्यांची हाडं झिजली तिथं, त्यांना कुणी विचारलंच नाही असं व्हायला नको, एवढंच.

कारकूनबाई : कळतंय हो. म्हणून तर गठ्ठा उचलून इथं आणला. नियम मी दोनदा वाचलाय. माणशी अर्ज एक, पण एका अर्जात सूचना किती, याला बंधन नाही. तुमच्या अर्जाला हे सदतीस जोडून देऊ.

आजोबा : चालेल हे?

कारकूनबाई : चालेल काय, धावेल. फक्त तुमचा स्वतःचा अर्ज सापडत नाहीये.

आजोबा : तो... भरलाच नाही मी.

सून : घ्या. जगाची हजेरी लावली आणि स्वतः गैरहजर.

आजोबा : अगं, सुचलंच नाही.

कारकूनबाई : मी लिहून घेते. सांगा, तुम्हाला काय हवं?

आजोबा : मला काय हवं असणार? यांनी मागायचं काही ठेवलंय का?

सून : बाबा, दारात येऊन कुणी विचारतंय, तर आढेवेढे कशाला? बोला.

(आजोबा चष्मा काढून पुसत बसतात.)

आजोबा : आठ वाजून पाच मिनिटांनी फाटक लावायचं, असा हुकूम होता. पॅकिंगमधली आक्का एकदा धापा टाकत आली. पोरगं तापानं फणफणलेलं, डॉक्टरकडे सोडून आली होती. आठ वाजून सहा मिनिटं झालेली. मी नाही घेतलं आत. गेली तशीच परत.

कारकूनबाई : नंतर भांडली असेल.

आजोबा : भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, आणि मलाच म्हणाली, तुमचा काय दोष. ते अजून सलतं.

कारकूनबाई : मग काय लिहू, आजोबा?

आजोबा : लिही पोरी. बागेला फाटकच नको.