वरंब्यावर बसलेली गाडी

—नाय हो, पाय उचला त्या पेडलवरून, जयरामबाब. चाकं नुसती फिरतायत, गाडी पोटावर बसलीय तुमची, वरंब्यावर. ही खाणीची वाट ना – वर्षानुवर्षं भरलेले ट्रक गेले हिच्यावरून, दोन बाजूंना चाकोऱ्या खोल झाल्या आणि मधे हा वरंबा उरला, चिऱ्यासारखा घट्ट. सकाळपासून रॅलीच्या चौदा गाड्या गेल्या, जीपा, त्या उंच गाड्या, कुणाचं काही अडलं नाय. तुमची ही बुटकी जीटी गाडी जमिनीपासून चार बोटं, ती कशी जायची? ओढते ना, ओढते. ट्रॅक्टर माझाच आहे. जरा इंजिन थंड होऊ दे त्याचं, चढ चढून आलंय. मागून कोण येणार नाय, जीटीवाले तुम्ही एकटेच, आणि शेवटचे. तुमचा तो जोडीदार उगाच लाल पाटी घेऊन वळणावर उन्हात उभा राहिलाय.

ओळखलं नाय ना मला? मी प्रभावती, कारापूर पंचायतीची पंच. कृष्णनाथची बायको – हां, आता ओळखलंत. तेच कृष्णनाथ, अकरा वर्षांपूर्वी रॅलीत तुमच्या शेजारी बसून रस्त्याची वही वाचायचे, पुढे डावं वळण, मग उतार, मग काय ते. तुम्हीच आला होतात घरी पणजीहून, खाणीवरच्या ड्रायव्हरला इथलं वळण न् वळण पाठ, असाच माणूस मला पाहिजे म्हणून. माझ्या हातचे तांदळाचे पोळे खाल्लेत चहाबरोबर. आणि मग नार्व्याच्या उतारावर गाडी काजूच्या झाडांत गेली – देवाची कृपा, दोघांना नुसतं खरचटलं – आणि बक्षीससमारंभात माईक हातात घेऊन काय बोललात? "खाणीवरच्या ड्रायव्हरला शेजारी बसवलं, चूक माझीच." लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत होते, नवी साडी नेसून. तुम्ही विसरलात, साहजिक आहे. ते नाय विसरले. ट्रकवर परत गेले तर तिथले लोक विचारायचे, काय वहीवाले, पुढे डावं की उजवं? सहा महिन्यांत नोकरी सोडली. त्यानंतर स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाय त्यांनी. बसमध्येसुद्धा शेवटच्या सीटवर बसतात, पुढचा रस्ता दिसू नये म्हणून. म्हणून तर ट्रॅक्टर मी शिकले.

घड्याळ बघू नका हो सारखं. दोर शोधतेय ना मी.

तर काय सांगत होते – पंचायतीत अर्ज आला तुमच्या रॅलीचा. जीटी गाड्या यंदा पहिल्यांदाच घ्यायच्यात, आमच्या वाटेनं सोडू का म्हणून. आमचा दुसरा पंच, बाबाजी, तो म्हणाला अजिबात नको. ह्या गाड्या गुळगुळीत रस्त्यावर लांब पल्ला मारायला केलेल्या, इथं पोट घासून बसतील आणि वाट अडवतील. बरोबर बोलला. मी काय म्हणाले? म्हटलं, येऊ द्यात, का नाय यायचं? मी तुमची मुलाखत वाचली होती ना पेपरात – जीटीला रॅलीत न घेणं हा भित्र्यांचा नियम, चांगला ड्रायव्हर कुठलीही गाडी कुठल्याही रस्त्यावरून नेतो, फक्त शेजारी शिकलेला माणूस पाहिजे. शिकलेला माणूस! दोनदा वाचलं मी ते. मग एकेकाला धरून पटवलं. वाट कशी आहे तेही लिहून दिलं, मधे वरंबा, एक वीत उंच, खोटं एक अक्षर नाय. तुम्ही वाचलं नसणार. आणि रस्ता बघायला आलात तेव्हा आलात कशातून? जीपमधून. जीपमधून वरंबा कळत नाय, जयरामबाब. ते कळायला पोट घासावं लागतं. आमच्या ह्यांना विचारलं असतंत तर सांगितलं असतं त्यांनी, माणूस सरळ आहे.

माहीत आहे मला, आज तुमची पोचली तर पुढल्या वर्षी जीटीचा वेगळा गट, नाय पोचली तर कायमची बंद – तुम्हीच छापून आणलंत. आणि अर्ध्या तासावर उशीर झाला की गाडी बाद, तेही माहीत आहे. वर टेबलावर वेळ लिहायला कोण बसलंय सांगू? हेच. पंचायतीनं एक माणूस द्यायचा होता, मी ह्यांनाच बसवलं. म्हटलं, स्वतःच्या हातानं मारू दे रेघ तुमच्या नावावर. आणि हे काय करतायत – सकाळी दाढी केली, इस्त्रीचं शर्ट घातलं, ती जुनी वही खिशात घातली, म्हणतात जयरामबाबना दाखवायचीय, दोन पानं घामानं चिकटून एकदम उलटली होती, एक वळण वाचायचं राहूनच गेलं, ते एकदा सांगायचंय त्यांना—

दोर कुठे गेला मेला.

काय? नाय, काही नाय बोलले मी. – बरं, ऐकलंत ते ऐकलंत. व्हय, चूक त्यांचीच होती. मला पण आज सकाळीच कळलं. अकरा वर्षं मी तुमच्या नावानं बोटं मोडली आणि हा माणूस दाढी करता करता सांगतो, चूक माझी. मग काय करू? घरी जाऊन बसू? चूक होती तर तिथंच काजूत उभं राहून चार शिव्या घालायच्या होत्या, घरी येऊन सांगायचं होतं, मीसुद्धा ऐकून घेतलं असतं. चारशे माणसांत माईकवरून हसवायचं? माझा राग नाय उतरत, खोटं कशाला बोलू. सकाळी वाटलं होतं उतरेल. मग तुमची गाडी इथं बसलेली बघितली आणि मनाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

किती झाली म्हणता? बत्तीस मिनिटं?

मग हा बघा दोर. सीटखालीच होता. पुढच्या कडीला मी बांधते, तुम्ही गाडी न्यूट्रलला टाका. वर पोचलात की ते उठून उभे राहतील, वही उघडतील, माफी मागतील तुमची. तेव्हा मधे एक शब्द बोलायचा नाय. आत्ता बसलात ना, तस्संच गप्प ऐकायचं. हां. काच वर घ्या, धूळ येईल.