वहीतला पहिला आकडा

अतिदक्षता विभागाबाहेर एक शिक्षिका नवऱ्याची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावरच्या भावाबहिणीचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. भावाची बायको सकाळी अर्धांगाच्या झटक्याने कोसळली होती.

"दादा, वहिनीला प्रेशर होतं?"

"तिला कुठलं? प्रेशर माझं. तिचं जन्मभर माझ्यापेक्षा कमीच. डॉक्टर चेष्टा करायचे, हिच्याकडून थोडं उसनं घ्या म्हणून."

"ते पाळी होती तोवर. ती गेली की बायकांच्या रक्तवाहिन्या भराभर ताठर होतात, आत्ताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी मोजत होतास ना?"

"माझं मोजायचो, वहीत लिहून ठेवायचो. ती आधी स्वतःच्या दंडाला पट्टा लावून बघायची, मशीन नीट चालतंय का म्हणून. रोज एकशे सत्तर, पंच्याहत्तर. मशीन चाळीसने जास्त दाखवतंय असं धरलं आम्ही."

"मग?"

"मग माझ्या आकड्यातून चाळीस वजा करायचो."

"दुकानात नाही दाखवलंस?"

"दाखवलं ना. दुकानदाराने स्वतःला लावलं, तर बरोबर आलं. ही हसली. म्हणाली, मेल्याचं माझ्याशीच वाकडं आहे."

नर्स बाहेर आली. "बाईंच्या प्रेशरची आधीची काही नोंद?"

"नाही, तिची कुठली?"

"दादा, ती वही दे त्यांना."

नर्सने पानं उलटली. "हे दुसरे आकडे तुमचे. आणि रोजचा हा पहिला?"

त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तो मशीनचा," म्हणाला.