नखाएवढं थिंबल

नाही, तुम्हीच सांगा, मला माहीत असतं तर मी त्या दुकानदारापुढे असा तोंड वेंगाडून उभा राहिलो असतो का? मी आपलं सरळ म्हटलं, वायरच्या टोकाला दाबून बसवतात ते थिंबल द्या. तर म्हणतो, "रिंग की यू?" म्हणजे गोल, की एका बाजूने उघडं? म्हटलं, चांगल्यातलं द्या. नखाएवढी वस्तू हो, तिच्यात पसंती ती काय करायची!

त्याचं काय झालं, आमच्या पाण्याच्या पंपाची वायर स्क्रूपाशी जळून तुटली. मागच्या खेपेला ती उघडी तार मीच स्क्रूला गुंडाळली होती… असो. कालपासून घरात पाण्याचा थेंब नाही. बायको म्हणाली, धाकट्याला बोलावू का? धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तुम्हाला सांगतो, तहानेने मेलो तरी चालेल, पण तो नको! एकदा त्याने आमची बेल दुरुस्त केली, ती अजून वाजतेय… बेल नव्हे, ती गोष्ट! चार पाहुणे जमले की माझ्या खांद्यावर हात टाकून, "दाजी, सोपं असतं हो."

तर दुकानदार म्हणाला, पंप थरथरतो, यू निसटेल, रिंगच न्या. नेली. तिच्या भोकात स्क्रूच जाईना. परत गेलो. मोठ्या भोकाची आणली, तर तिच्या नळीत वायर अशी सैल, बापाचा शर्ट पोराच्या अंगात! पुन्हा गेलो. तेव्हा हा म्हणतो, "काका, स्क्रूची जाडी वेगळी, वायरची वेगळी, दोन्ही बघून घ्यायचं असतं." मग आधी काय तोंडाला कुलूप होतं? नखाएवढी वस्तू, आणि सोयरीक जमवावी तशी दोन्हीकडची मापं जुळवा… पायांचे तुकडे पडले हो माझ्या.

पण हे तिसरं थिंबल अगदी मापाचं निघालं. मेन स्विच बंद केला, बायकोने बॅटरी धरली, पकडीने गच्च दाबलं, ओढून पाहिलं… हलेना! आता रिंग अडकवायची म्हणजे स्क्रू पुन्हा पूर्ण काढावा लागतो. यू असतं तर नुसता सैल करून भागलं असतं. काढला. तो बोटांतून सुटला, टण्ण… पंपाशेजारच्या गटाराच्या जाळीतून थेट खाली. बायकोने बॅटरी जाळीकडे वळवली.

नखाएवढ्या वस्तूपायी हरलो. मीच धाकट्याला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "दाजी, मीच करणार होतो फोन. ताई सकाळी सांगत होती, तुम्ही पंप घरच्या घरी ठीक केलात. आमच्या गिझरची वायर सुटलीय हो. बेलचं ठीक आहे, पण गिझरला हात लावायची माझी छाती होत नाही. तुम्ही येता का?"

मी बायकोकडे पाहिलं. ती जाळीत बॅटरी मारून स्क्रू शोधत होती, मान काही वर करेना. सख्ख्या भावाशी खोटं बोलली हो ती, माझ्यासाठी! गलबलून आलं मला. आणि दरदरून घामही फुटला. आता कुठल्या तोंडाने खरं सांगू? म्हटलं, येतो.

म्हणून निघालोय. पिशवीत पक्कड आहे, टॉवेल आहे, साबण आहे. गिझर सुरू होवो न होवो… त्यांच्या नळाला पाणी तरी आहे!