उन्हातला जाळ

बन्सीधर : तुझ्या यंत्राच्या दोन नळ्या फोडल्या, अजून चार हायत. हो बाजूला, म्याडम. कुऱ्हाडीला शिक्षण कळत न्हाई.

सुकेशनी : बन्सीधरकाका, काच आहे ती. तुमच्या पायात घुसलीय. रक्त येतंय बघा.

बन्सीधर : येऊ दे! चार एकर सोयाबीन पिवळं पडलं माझं, त्याचं रक्त कुणाला दिसलं? जिंतूरच्या कॉलेजात रसायन शिकवती, अन् वालूरला येऊन आमचं पीक मारायलीस. तुझं हे यंत्र पिकाचं खाणं चोरायलंय.

सुकेशनी : कोण म्हणालं असं?

बन्सीधर : तूच की! शाळेत माईक धरून साऱ्या गावाला सांगितलंस. झाडं कार्बनच्या वायूवर जगतात, अन् माझं यंत्र बी तोच वायू खातं, ऊन लागलं की त्याचं इंधन करतं. माझी पोरगी राजेश्री वहीत लिहून आली. मग मी काय खोटं बोलायलो?

सुकेशनी : नाही. मी म्हणाले तसं, आणि अर्धंच सांगितलं. चूक माझी. पण मी हवेतला वायू घेत नाही, काका. आमच्या गोबरगॅसमधला वाया जाणारा घेते. ही नळी कुठून आलीय ते बघा तरी.

बन्सीधर : नळ्या दावू नको मला. तुझ्या बापाचं रान माझ्या धुऱ्याला लागून हाय. ते कसं हिरवंगार?

सुकेशनी : पीक पिवळं पडतं ते पांढऱ्या माशीनं. आबांनी तिच्यावर वेळेत फवारलं. तुम्हाला सांगायलाही आले होते. तुम्ही त्यांना ओट्याखाली उभं केलंत आणि हाकललंत.

बन्सीधर : लय तोंड चालायलंय तुझं! सरक, न्हाईतर...

सिताराम : बन्सीधर! खाली कर ती कुऱ्हाड. पोरीवर उचलतो व्हय रे?

बन्सीधर : सितारामा, मधी पडू नको.

सिताराम : पडणार. माझं रान हाय, माझी लेक हाय. हाण मला आधी.

बन्सीधर : दांडा सोड. सोड म्हणतो ना!

सिताराम : आई गं!

सुकेशनी : आबा!

सिताराम : मनगट गेलं, बाई. कडकन वाजलं.

सुकेशनी : म्हाताऱ्या माणसाला दांडा मारलात? फोडा! काय फोडायचं ते फोडा, पण परत त्यांच्या अंगाला हात लावलात तर ह्याच दगडानं डोकं ठेचीन तुमचं!

बन्सीधर : ही घे! अन् ही दुसरी! अन् ह्या कॅनमधी काय? हेच का तुझं इंधन? वास तर दारूवानी यायलाय.

सुकेशनी : कॅन सोडा! विष आहे ते, पेट घेतं! आधी तोंडातली बिडी टाका काका, बिडी!

बन्सीधर : वढू नको! सांडलं की समदं सदऱ्यावर... आ! माय! जळायलो! जळायलो मी!

सिताराम : सोंग बघ त्याचं. कुठाय जाळ? धूर न्हाई, काई न्हाई.

सुकेशनी : आबा, ह्याचा जाळ उन्हात दिसत नाही! सदरा काळा पडायलाय बघा! काका, पळू नका, खाली पडा! मातीत लोळा!

सिताराम : विझंना की. अन् विहीर लांब हाय. पाणी कुठलं आणावं?

सुकेशनी : यंत्राच्या टाकीतलं.

सिताराम : ह्या टाकीतलं? अगं, त्यात तुझी पूड हाय! सारी ह्याच पाण्यात हाय म्हणलीस ना?

सुकेशनी : हो.

सिताराम : मग राहू दे. माझा हात मोडला त्यानं. जळू दे.

सुकेशनी : आबा, खांदा लावा. माझ्या एकटीनं कलंडत नाही.

सिताराम : सात वर्सं घातलीस त्यात, सुकेशनी.

सुकेशनी : माणूस जळायलाय! लावा खांदा!

(टाकी कलंडते. पाणी बन्सीधरच्या अंगावर पडतं.)

बन्सीधर : विझलं का? मला कळंना. अजून आग हुयलीय.

सुकेशनी : विझलं. सदरा ओढू नका, कातडी निघेल.

बन्सीधर : हा पिवळा गाळ कशाचा, अंगावर?

सुकेशनी : काही नाही. धुता येईल.

सिताराम : काई न्हाई कसं? ऐक रे. ह्याच पुडीवर ऊन पडलं की वायूचं इंधन व्हायचं. सात वर्सं खपून केलती पोरीनं. आता गेली मातीत.

बन्सीधर : मग वतलीस कशाला, पोरी?

सुकेशनी : बोलत बसू नका. मोटारसायकल काढते. तिघं सेलूला जाऊ, दवाखान्यात.

बन्सीधर : मला तोल धरवंना. पडीन मी.

सिताराम : मधी बस. एक हात चांगला हाय माझा, धरतो तुला.