मेजरसाहेबांचा हात वर गेला

…आणि वर मलाच विचारतात, ‘तुला तोफ उडव म्हणून सांगितलं कोणी?’ कोणी म्हणजे? आमच्या तोफेवरचे अधिकारी मेजर हॅलोरन, त्यांनी. हात वर केला की नाही केला? केला. पण ऐकून घ्यायला बसलंय कोण! तुम्हाला सांगतो, चार वर्षं या लष्करी अकादमीत काढली, देशासाठी काहीतरी करीन म्हणून आलो होतो, नदीवरच्या बोचऱ्या वाऱ्यात पहाटे पळालो, दाढी करता येईल इतके बूट चमकवले, आणि शेवटच्या वर्षी वाट्याला काय आलं, तर फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यातली तोफ. आपल्या गड्यानं तो लांबट चेंडू छातीशी धरून शेवटच्या रेषेपलीकडे नेला, टचडाउन झालं, की आपण बार उडवायचा, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांनी जितके गुण तितके जोर काढायचे. पद्धत चांगलीच आहे हो, पण त्यासाठी टचडाउन व्हावं लागतं ना? यंदा पोरांचे दंड सुकून गेले. तोफ मात्र तयार होती.

माझा खोलीतला जोडीदार टोबायस ग्रेल. तीन वर्षं नुसता बाकावर बसून होता, यंदा पुढचे सगळे जायबंदी झाले म्हणून मैदानात उतरला. उन्हाळ्यात पायदळात जाणार, मग कसला फुटबॉल? त्याचे बाबा नेब्रास्काहून गोठवलेल्या मांसाचा ट्रक घेऊन इकडे फेरी मारतात, आणि वाटेत सामना असला की येऊन बसतात. आम्ही कितीने हरलो ते कधी विचारत नाहीत. एकच विचारतात, “टोबी, तुझ्यासाठी कधी उडायची रे ती तोफ?” आणि हा माझ्याकडे बघतो. माझ्याकडे काय बघतोस? मी काय तुझ्याऐवजी पळू?

सप्टेंबरात एकदा पळाला. काय पळाला! रेषा ओलांडली, मी दोरी ओढली, बार झाला, धूर झाला… आणि धूर विरल्यावर बघतो तर पंचाचं पिवळं फडकं गवतावर. आमच्याच एका ठोंब्यानं समोरच्याचा सदरा धरून ठेवलेला. टचडाउन रद्द. मेजर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत, तेच तर वाईट. “लिंडक्विस्ट, उडालेला बार परत नळीत घालता येतो?” “नाही, सर.” “मग यापुढं पंचाकडं बघायचं नाही, गुणफलकाकडं बघायचं नाही. माझ्या उजव्या हाताकडं बघायचं. हात वर, तर बार. कळलं?” “कळलं, सर.” मला सांगा, इथं दुसरं शिकवतात काय? हुकूम म्हणजे हुकूम. म्हणून मग सबंध ऑक्टोबर मी पाऊस बघितला नाही, बर्फ बघितला नाही, मेजरसाहेबांचा उजवा हात बघितला. तो हात कॉफी प्यायला, त्यानं नाक पुसलं, तो खिशात गेला. वर काही गेला नाही. तोफ मात्र तयार होती.

शेवटचा सामना. पाहुण्यांचे एकतीस, आमचं शून्य. टोबायसच्या बाबांना गाडी हाकायची होती, ते उठले, लेकाला लांबून टोपी दाखवली आणि निघाले. आणि त्यानंतर, अगदी शेवटच्या डावात, टोबायसनं कोपऱ्यात उडी मारून चेंडू धरला. आत पडला की बाहेर? पंचांची आपसांत कुजबुज. म्हणाले, चित्रफीत बघू. सगळे थांबले. टोबायस कोपऱ्यात चेंडू पोटाशी धरून उभा. मी हाताकडे बघतोय. डोळ्यांत पाणी आलं, पण पापणी लवू दिली नाही.

आणि हात वर गेला.

मी दोरी ओढली. टोबायस गुडघ्यांवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

आता काय झालं होतं, ऐका. टेकडीवर झेंडा उतरवायची वेळ झाली होती. बिगुल वाजला, तिथली संध्याकाळची तोफ उडाली, आणि मेजरसाहेबांनी झेंड्याला सलाम ठोकला. सगळं स्टेडियम ताठ उभं. पण माझ्या कानांत बोळे! तोफेशेजारी उभं राहायचं तर बोळे घालायचे, हाही हुकूमच. मला बिगुल कुठून ऐकू येणार, आणि टेकडीवरचा बार तरी?

पंच परत आले. टोबायसची टाच रेषेवर होती, म्हणजे बाहेरच. शून्य ते शून्यच.

खोलीवर आल्यावर टोबायसचा फोन वाजला. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून बाबा बोलत होते, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. “टोबी, गाडीत चढत होतो बघ, आणि ऐकली! तूच ना रे?” टोबायस पलंगाच्या कडेला बसला. “अरे, पण दोन बार झाले. लागोपाठ. दोन केलेस?”

टोबायसनं माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी सोडत बसलो.

“हो बाबा,” तो म्हणाला. “दोन.”

म्हणजे इथं टोबायसच्या नावावर शून्य आणि नेब्रास्कात दोन. माझ्या नावावर पदवी मिळेपर्यंत दर रविवारी तोफ घासायची शिक्षा. घासतोय. सामने संपले, टीम पांगली, मैदानावर गुडघाभर बर्फ साचलाय… तोफ मात्र तयार आहे.